समोसे नकोत, हिशेबाची वही मागा

वाचकाचं पत्र

प्रिय ताई,

मी मूळची सांगलीची. तिथल्या एका सहकारी बँकेत बरीच वर्षं नोकरी केली. काही वर्षांपूर्वी नवऱ्याला ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या रिव्हरिना भागात भातशेतीशी संबंधित काम मिळालं आणि आम्ही इकडे आलो. गाव लहान आहे, दुसरं मराठी घर नाही. शेजारच्या आजी मला कंट्री विमेन्स असोसिएशन या खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या संघटनेच्या शाखेत घेऊन गेल्या. तिथे बहुतेक जणी साठीच्या पुढच्या. सगळ्या गोड बोलतात, माझ्या साड्यांचं कौतुक करतात. पण तीन वर्षांत एकीनेही मला घरी बोलावलेलं नाही. दरवर्षी एखाद्या देशाचा अभ्यास असतो, तेव्हा माझी आठवण होते. यंदा अभ्यासाचा देश दुसराच आहे, तरी माझ्याकडे समोसेच मागितले. मी म्हणजे त्यांच्यासाठी ‘आपली इंडियावाली’, एवढंच.

याच्या अगदी उलट अनुभव मला मे २०२३ मध्ये क्वालालंपूरला आला. आमची संघटना ज्या जागतिक संस्थेची सभासद आहे, तिचं अधिवेशन तिथे होतं. खोलीत माझ्याबरोबर मलेशियातल्याच सारावाकची एक मिरीबागायतदार बाई होती. नॉर्वेची एक मेंढपाळ, पापुआ न्यू गिनीची एक शिक्षिका अशी आमची चौकडी जमली. रात्री एक-एक वाजेपर्यंत बोलायचो. निघताना गळ्यात पडून रडलो. आणि आता? ग्रुपवर फुलांची चित्रं आणि वाढदिवसाचे केक. सारावाकच्या मैत्रिणीचा स्वतःहून लिहिलेला शेवटचा निरोप येऊन आठ महिने झाले.

ताई, यातली खरी मैत्री कुठली? शाखा सोडावी का? पुढचं, २०२६ चं, अधिवेशन कॅनडात ओटावाला आहे. माझ्या साठवलेल्या पैशांतून जावं असं मनात आहे, पण तिथूनही असंच रिकामं परतायचं असेल तर कशाला जाऊ?

– एक वाचक, रिव्हरिना

उत्तर

प्रिय मैत्रीण,

पत्र वाचून आधी वाटलं की तुम्हाला फोनच करावा. परमुलखात, जिथे हाक मारायला आपल्या भाषेचं माणूस नाही, तिथे तीन वर्षं नेमाने मीटिंगला जाणं आणि प्रत्येक वेळी हसून समोसे तळून नेणं सोपं नाही. तुम्ही एकट्या पडला आहात आणि त्याचं वाईट वाटणं अगदी रास्त आहे. मी स्वतः काही वर्षं व्हिक्टोरियातल्या एका गव्हाच्या गावात राहिले, तिथल्या शाखेत होते. त्यामुळे तुम्ही सांगता तो हॉल, ती चहाची किटली, भिंतीवरचे माजी अध्यक्षांचे फोटो हे सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं.

माझं स्पष्ट मत आधी सांगते. शाखा सोडू नका. पण पाहुणी म्हणून जाणं आजपासून बंद करा.

त्या बायका तुम्हाला परकं मानतात असं मला वाटत नाही. त्या तुम्हाला पाहुणी मानतात, आणि माझ्या अनुभवाने ते जास्त अडचणीचं असतं. पाहुणीचं कौतुक होतं, तिला पहिला कप मिळतो, तिच्या पदार्थांना टाळ्या पडतात. पण हॉल झाडायला तिला कुणी थांबवून घेत नाही. आणि मैत्री होते ती टाळ्या पडतात तिथे नाही, झाडू मारताना होते. आपल्याकडे हळदीकुंकवाला गल्लीतल्या चाळीस जणी येतात, वाण घेऊन जातात. पण आपली म्हणावी अशी तीच, जी उन्हाळ्यात पापड लाटायला पदर खोचून बसते. रिव्हरिनात तुम्हाला आतापर्यंत फक्त हळदीकुंकू मिळालं आहे.

ही संघटना मुळात कशी उभी राहिली ते ध्यानात घ्या, म्हणजे मी कामावर इतका जोर का देते ते पटेल. कॅनडात ऑन्टॅरिओमध्ये अ‍ॅडलेड हूडलेस नावाच्या बाईंचं तान्हं बाळ १८८९ मध्ये गेलं. दूषित दूध हे कारण होतं असं त्यांना कळलं. दूध कसं राखायचं हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही, ही गोष्ट त्या विसरल्या नाहीत. स्टोनी क्रीक या गावी फेब्रुवारी १८९७ मध्ये शेतकरी बायकांचं पहिलं विमेन्स इन्स्टिट्यूट सुरू झालं, ते शिकण्यासाठी. मॅज वॉट या कॅनडातल्याच बाई विधवा झाल्यावर मुलांना घेऊन इंग्लंडला गेल्या आणि त्यांच्या खटपटीने १९१५ मध्ये वेल्सच्या अँगलसी बेटावर ब्रिटनमधलं पहिलं इन्स्टिट्यूट निघालं. युद्धाचे दिवस होते, अन्नधान्य वाढवणं आणि टिकवणं हे काम समोर होतं. न्यू साउथ वेल्समध्ये तुमची संघटना १९२२ मध्ये स्थापन झाली. ग्रेस मन्रो या पहिल्या अध्यक्ष. तेव्हा आडगावच्या बायकांना तालुक्याच्या गावी आलं तर लेकराला घेऊन टेकायला जागा नसे. त्यांच्यासाठी विश्रांतीच्या खोल्या आणि तान्ह्या बाळांची तपासणी केंद्रं या बायकांनी उभी केली. मग १९३३ मध्ये स्टॉकहोमला निरनिराळ्या देशांच्या अशा संघटना एकत्र आल्या आणि असोसिएटेड कंट्री विमेन ऑफ द वर्ल्ड ही जागतिक संस्था झाली. तुम्ही क्वालालंपूरला गेलात ते तिचंच अधिवेशन. मॅज वॉटच तिच्या पहिल्या अध्यक्ष.

यातली एकही बाई ‘चला, मैत्रिणी जमवू’ म्हणून निघाली नव्हती. दूध, खोली, बाळ, विहीर असं काहीतरी हातात होतं. एकटेपणा त्यांनाही होता, तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त. शेजारचं घर कोसांवर आणि वाहन घोडागाडीचं. पण एकटेपणावर त्यांनी काम हा उपाय काढला आणि मैत्री त्यातून निघाली. शंभर वर्षांनंतरही या संघटनेची ठेवण तशीच आहे. तिथे मन मोकळं करायला कुणी समोरासमोर बसत नाही. पण भांडी विसळताना, हात फेसात असताना, बायका आपल्या नवऱ्याच्या आजारपणाबद्दल, शहरात गेलेल्या आणि फोन न करणाऱ्या मुलाबद्दल बोलतात. मी हे अगदी जवळून पाहिलं आहे. एक घासते, एक विसळते, एक फडक्याने पुसते. पुसणारीची नजर बशीवर असते, म्हणून बोलणारीला बोलता येतं. चहा झाल्यावर तुम्ही बाहेर गाडीकडे निघत असाल, तर मीटिंगचा सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास तुमच्या हातून जातो आहे.

तर पहिली गोष्ट. शाखेच्या वार्षिक सभेत खजिनदार व्हायला तयार आहे असं सांगा. तुम्ही बँकेत वर्षानुवर्षं काम केलं आहे आणि पत्रात ते एका वाक्यात उरकलंत! बहुधा शाखेतही हे कुणाला माहीत नसेल. खेड्यातल्या शाखांना आज सर्वांत मोठी चणचण पदाधिकाऱ्यांची आहे. वय झालेल्या बाईने वही खाली ठेवली की ती उचलायला कुणी नसतं. सेक्रेटरी आणि खजिनदार मिळाले नाहीत म्हणून शाखा बंद करायची पाळी येते. अशा जागी तुमच्यासारखी हिशेबाची बाई स्वतःहून उभी राहिली तर त्यांना हायसं वाटेल. शिवाय खजिनदाराला सगळ्यांशी बोलावंच लागतं. कुणाची वर्गणी राहिली, हॉलच्या विजेचं बिल कुणाकडे आलं, जत्रेतल्या स्कोनच्या, म्हणजे चहाबरोबरच्या छोट्या पावांच्या, स्टॉलचा गल्ला कुणी मोजायचा, अशा निमित्ताने तुमचा फोन चार घरी जाईल आणि चार घरचे फोन तुम्हाला येतील. त्यात ‘इंडियावाली’ आपोआप मागे पडेल.

तुमच्या शाखेत ‘पेनीज फॉर फ्रेंडशिप’ची पेटी फिरते ना? सुटी नाणी गोळा करून जागतिक संस्थेच्या कामासाठी लंडनच्या कार्यालयाकडे पाठवायची ही जुनी रीत. ती पेटी सांभाळणं, नाणी मोजणं, वर्षाअखेरीला पाठवणं हे कुणालाच फारसं आवडत नाही. तेही मागून घ्या. क्वालालंपूरला तुम्ही पाहिलंत की हा पैसा कुठवर पोचतो. शाखेत हे स्वतः बघून आलेली बाई तुम्हीच असाल, आणि त्यावर पाच मिनिटं बोललात तर ते भारताविषयीचं भाषण नसेल, सगळ्यांच्या संस्थेविषयीचं असेल.

समोशांचं काय करायचं? पुढच्या वेळी विचारलं की सरळ सांगा, ‘या वेळी समोसे करत नाही, मला तुमचा फ्रूटकेक शिकायचा आहे.’ रागाने नको, मनापासून सांगा. संघटनेच्या पाककला स्पर्धेतला तो गडद फ्रूटकेक तुम्हाला ठाऊक असेलच. सगळ्यांना कृती एकच दिलेली असते आणि तिच्यात फळं कशी कापायची तेही लिहिलेलं असतं: मोठ्या मनुकेचे कात्रीने दोन-तीन तुकडे, चेरीचे चार ते सहा, बदाम आडवे कापून तीन-चार. हे कापायला दुपार जाते. शाखेतल्या ज्या आजींना आजवर बक्षीसं मिळाली असतील, त्यांना म्हणा, ‘मला स्पर्धेत उतरायचंय, कापायला बसू या का एकत्र? तुमच्याकडे येऊ की तुम्ही येता?’ स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कात्र्या आणि मनुकांचा ढीग असला की बोलण्यासाठी विषय शोधावा लागत नाही. केक फसला तरी चालेल. जी बाई नेहमी शिकवायला बोलावली जाते ती शिकायला आली, याचा परिणाम तुम्हाला त्याच दुपारी दिसेल.

आता घरी न बोलावण्याबद्दल. सांगलीत मागच्या दाराने ‘काय चाललंय गं’ म्हणत शिरता येतं. रिव्हरिनातल्या शेतावर तसं कुणी कुणाकडे जात नाही, एकमेकींकडेही नाही. अंतरं मोठी आहेत आणि शेतीचं वेळापत्रक सक्तीचं. नोव्हेंबर-डिसेंबरात गव्हाची कापणी, मार्च ते मे भाताची. त्या दिवसांत बायका ट्रॅक्टरवर नाहीतर धान्याच्या ट्रकवर असतात, शेतात डबे पोचवत असतात. तुम्ही बोलावलंत आणि कुणी आलं नाही असं याआधी झालं असेल, तर ती वेळ कोणती होती ते आठवून बघा. शिवाय ‘कधीतरी या ना घरी’ हे आपलं आमंत्रण तिथे आमंत्रण ठरत नाही. दिवस, वेळ आणि कारण सांगा: ‘जूनच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी साडेदहाला चहाला या, बारा वाजता मला बाहेर पडायचंय.’ संपायची वेळ सांगितली की येणारीला मोकळं वाटतं. एकीला बोलवा, पाच जणींना नको. आणि त्या दिवशी तुमच्या घरी साधा चहा आणि बिस्किटं असू द्या. पंचपक्वान्नं केलीत तर तिला परतफेडीचं दडपण येईल आणि ती तुम्हाला बोलवायचं आणखी लांबणीवर टाकेल. हा घोळ मी परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत पाहिला आहे. आपण ताटभर प्रेम वाढतो आणि समोरची घाबरते.

हे सगळं वर्षभर करूनही कुणी तुटक वागलं, तुमचं बोलणं मध्येच तोडलं, तुमच्या वर्णाबद्दल किंवा उच्चारांबद्दल बोललं, तर मात्र गिळून बसू नका. शाखाध्यक्षांशी बोला, आणि त्यांनी कानाडोळा केला तर जवळच्या दुसऱ्या शाखेत नाव बदलून घ्या. तशी सोय असते. काही ठिकाणी नोकरी करणाऱ्या बायकांसाठी संध्याकाळच्या शाखाही आहेत आणि तिथे तुमच्या वयाच्या जास्त भेटतील. संघटना चांगली असली म्हणून तिच्यातली प्रत्येक खोली चांगली असते असं नाही.

क्वालालंपूरची मैत्री खरी होती का, असं तुम्ही विचारता. होती. तिच्यावर शंका घेऊ नका. पण ती ज्या हवेत वाढली ती हवा तुम्ही समजून घ्या. त्या दिवसांत चौघींपैकी कुणालाही स्वयंपाक नव्हता, गुरं नव्हती, नवऱ्याचा डबा नव्हता. तुमच्यापैकी प्रत्येक जण आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच इतके दिवस सलग केवळ स्वतः होती. अशा वेळी बाई पटकन उघडते. घरी परतल्यावर सारावाकच्या मैत्रिणीला मिरीचे वेल, पाऊस आणि घरची माणसं पुन्हा गाठतात. तिने तुम्हाला टाकलं नाही, ती दिवसाला पुरी पडत नाही. आणि चौघींच्या ग्रुपवर खरं कुणी लिहीत नसतं. फुलांचं चित्र पाठवणं म्हणजे ‘मी आहे’ एवढंच सांगणं. ते वाईट नाही, पण त्याला पत्र म्हणता येत नाही.

या संस्थेत तीन-तीन वर्षांनी भेटायची सवय जुनी आहे. १९३९ मध्ये लंडनला अधिवेशन झालं आणि त्यानंतर काही महिन्यांत महायुद्ध सुरू झालं. पुढचं अधिवेशन भरलं ते थेट १९४७ मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमला. मध्ये आठ वर्षं! आणि ज्या देशात ते भरलं तो देश युद्धात परक्यांच्या ताब्यात जाऊन आलेला. तरीही बायका परत एकत्र आल्या. पुढे १९५७ मध्ये त्या कोलंबोला आल्या, म्हणजे पहिल्यांदाच आशियात. आणि २०१३ मध्ये आपल्या चेन्नईला. तुमच्या आठ महिन्यांच्या गप्पपणाकडे या हिशेबाने बघा.

म्हणून त्या मिरीवाल्या मैत्रिणीला ग्रुपबाहेर, एकटीला लिहा. ‘कशी आहेस, फार आठवण येते’ असं नको. त्याला उत्तर ‘मी ठीक, मलाही’ एवढंच येतं आणि बोलणं संपतं. तिच्या कामाचं विचारा. मिरी काढून झाली का, वाळवायला ऊन मिळालं का, भाव काय आला, मजूर मिळाले का. मग तुमच्याकडचं सांगा: यंदा भाताला कालव्याचं पाणी किती मिळालं, नवऱ्याच्या प्लॉटमधल्या लोंब्या कशा दिसतात, तुम्ही खजिनदार व्हायचं ठरवलंय आणि छातीत धडधडतंय. सांगलीकडच्या बाईला पाणी, कालवा आणि पिकाचा भाव यांबद्दल बोलायला कमी पडणार नाही. एक फोटो जोडा, तुमचा सजलेला नको, शेताचा. शेवटी असा एक प्रश्न ठेवा ज्याचं उत्तर फक्त तिलाच माहीत असेल. नॉर्वेच्या मैत्रिणीला असंच मेंढ्यांचं विचारा. तुमच्या रिव्हरिनातही मेंढ्या आहेत, लोकर कातरायच्या दिवसांतला एखादा व्हिडिओ पाठवा. पापुआच्या शिक्षिकेशी सूत जुळलं नाही तर खंत करू नका. चौघींपैकी एक टिकली तरी क्वालालंपूरचा खर्च वसूल झाला असं मी म्हणेन.

आणि ओटावा. तुमचे साठवलेले पैसे आहेत, म्हणून जपून सांगते. ती गळ्यात पडण्याची रात्र परत मिळावी म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. ती तशीच परत मिळत नाही, आणि मग तुम्ही तिथल्या प्रत्येक नव्या बाईची क्वालालंपूरच्या बाईशी तुलना करत बसाल. पण शाखेचं काम घेऊन जाणार असाल तर जरूर जा. अधिवेशनात ठरावांवर चर्चा होते, मतदान होतं. त्या ठरावांचे मसुदे आधी संघटनेकडून मागवून घ्या, शाखेच्या मीटिंगमध्ये वाचा, बायकांना काय वाटतं ते लिहून घ्या. पाण्यावर किंवा खेड्यातल्या आरोग्यसेवेवर काही असेल तर तुमच्या रिव्हरिनातल्या आजी भरभरून बोलतील, बघा. अशी वही घेऊन तुम्ही ओटावाला पोचलात तर चर्चेत तुमच्या शेजारी बसलेल्या बाईशी बोलायला तुमच्याकडे नेमका विषय असेल. आणि परतल्यावर शाखेत सांगायलाही असेल. त्या ऐकतील, कारण त्यात त्यांचं म्हणणं गेलेलं असेल.

पैसे आत्ताच भरू नका. आधी वार्षिक सभा होऊ द्या, फ्रूटकेकची दुपार होऊ द्या, सारावाकला पत्र जाऊ द्या. तिला हेही विचारा की ती ओटावाला येणार आहे का. तिला प्रवासखर्च परवडणार नसेल तर ती बहुधा मोकळेपणाने सांगणार नाही, म्हणून तुम्हीच आधी लिहा, की तुम्हालाही हा खर्च जड आहे आणि तुमचं अजून ठरलेलं नाही. तिचं उत्तर आलं, काहीही आलं, की मला कळवा.

तुमची,
ताई